संवेदना आणि तृष्णा यांच्या मधली जागा

स्वभाव बदलायचा असे माणूस ठरवतो तेव्हा तो बहुधा बुद्धीचा आधार घेतो. राग आवरायचा, हाव कमी करायची, भीती सोडायची. त्यासाठी वाचायचे, स्वतःला समजावायचे, निश्चय करायचा. तो निश्चय खोटा नसतो आणि पटलेले खरोखरच पटलेले असते. तरीही नेमक्या प्रसंगी नको तो शब्द तोंडातून निघून जातो, किंवा जिथे बोलायलाच हवे तिथे तोंडातून शब्द फुटत नाही. नंतर पश्चात्ताप होतो तेव्हा सगळे ज्ञान जागेवर असते. प्रसंगाच्या क्षणी मात्र ते उपयोगी पडत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने नेमका हाच प्रश्न विचारला आहे: मनात नसतानाही माणूस कोणाच्या जोरावर पाप करतो? श्रीकृष्ण उत्तरात काम आणि क्रोध यांची नावे घेतात, इंद्रिये, मन आणि बुद्धी ही त्यांची ठाणी सांगतात, आणि आधी इंद्रियांना आवर घालायला सांगतात. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. बुद्धीला पटवून झाल्यावर बाकीचे आपोआप वळणावर येईल, असे तिथे मानलेले नाही. माझे म्हणणे असे की आपल्या प्रतिक्रिया शरीरात उमटणाऱ्या संवेदनांपाशी आकार घेतात. ती संवेदना उमटत असतानाच ओळखणे आणि तिच्यामागे लगेच न धावणे ही शिकता येणारी गोष्ट आहे. आणि माणसाच्या आंतरिक वाढीचा फार मोठा भाग या एका शिकण्यावर उभा आहे.

या विचाराची अतिशय काटेकोर मांडणी बौद्ध परंपरेत सापडते. पाली त्रिपिटकातल्या मज्झिमनिकायात सतिपट्ठान सुत्त आहे. त्यात सजगतेची चार क्षेत्रे सांगितली आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म. सुरुवात श्वासापासून होते. मग चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे. मग खाणेपिणे, वस्त्र पांघरणे, मलमूत्रविसर्जन यांसारख्या रोजच्या क्रिया. मग शरीराचे घटक. साधकाला प्रथम कोणत्याही तत्त्वाकडे नेलेले नाही, त्याच्या स्वतःच्या देहाकडे नेले आहे. दुसरे क्षेत्र वेदनेचे. पालीतल्या वेदनेत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी प्रत्येक जाणीव येते. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरे उपजत जाण्याच्या, साखळीत या वेदनेची जागा निर्णायक आहे. इंद्रिय आणि विषय यांचा स्पर्श झाला की वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान म्हणजे घट्ट पकड, अशी ही साखळी पुढे जाते. स्पर्श टाळता येत नाही. डोळे आहेत तोवर दिसणार आणि कान आहेत तोवर ऐकू येणार. वेदनाही टाळता येत नाही. पण वेदनेतून तृष्णा निघालीच पाहिजे असे बंधन नाही. सुखद वाटले म्हणून ते धरून ठेवायला धावणे आणि दुःखद वाटले म्हणून ते झटकायला धावणे ही सवय आहे, आणि सवय मोडता येते. गोव्यात साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात जाऊन पाली परंपरा आत्मसात केली आणि तिच्यातला ध्यानविचार ‘समाधिमार्ग’सारख्या पुस्तकांतून मराठीत आणला. त्यामुळे मराठी वाचकाला हा विचार आज परका नाही.

तो प्रत्यक्षात कसा शिकवला जातो हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिबिरे भरू लागली. दहा दिवसांच्या या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावरून लक्ष फिरवत जी संवेदना असेल ती पाहायची असते. पुढे रोज काही बैठका ‘अधिष्ठाना’च्या असतात: तासभर आसन बदलायचे नाही, हात उघडायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. थोड्याच वेळात गुडघा दुखू लागतो आणि पाय हलवावा अशी ऊर्मी उठते. साधकाला सांगितलेले असते की त्या दुखण्याकडे नीट पाहा. पाहू लागल्यावर ‘दुखणे’ म्हणून जे एकसंध वाटत होते त्यात उष्णता, ताण, ठणका, टोचणे असे अनेक पदर दिसतात. ते वाढतात, कमी होतात, सरकतात. मुख्य म्हणजे पाय हलवण्याची ऊर्मी ही दुखण्याहून वेगळी गोष्ट आहे आणि आज्ञा न पाळता तिला नुसते येऊ दिले तर तीही ओसरते, हे अनुभवाला येते. संयुत्तनिकायातल्या एका सुत्तात यासाठी दोन बाणांचा दाखला आहे. पहिला बाण शरीराला लागतो आणि तो सर्वांनाच लागतो. दुसरा बाण म्हणजे त्या दुखण्यावरचा आपला शोक आणि संताप, आणि हा दुसरा बाण लागू न देणे अभ्यासाने साधते. अधिष्ठानाच्या बैठकीत गुडघ्याच्या बाबतीत जे कळते तेच अपमान, मोह आणि भय यांच्याही बाबतीत खरे असते, कारण तेही शरीरात कुठेतरी उमटल्याशिवाय राहत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो विज्ञानाच्या बाजूने: राग आणि भीती मनात असतात, त्यांचे शारीरिक पडसाद नंतर उमटतात, मग पडसादांकडे पाहून काय मिळणार? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८८४ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकातल्या निबंधात हा क्रमच उलटा करून मांडला. शरीरात बदल होतात आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना, असे त्याचे म्हणणे होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९२७ मध्ये त्याला जोरदार हरकत घेतली: आतल्या इंद्रियांतले बदल संथ असतात आणि वेगवेगळ्या भावनांमध्ये ते एकसारखेच दिसतात, त्यामुळे भावनांमधला फरक त्यांनी ठरू शकत नाही. ही हरकत वजनदार आहे आणि जेम्सचे म्हणणे त्याने मांडले तसेच्या तसे आज कोणी स्वीकारत नाही. पण कॅननने ते पूर्ण मोडीतही काढलेले नाही. मेंदूशास्त्रज्ञ अंतोनियो दमासिओ यांनी १९९४ च्या ‘देकार्तची चूक’ या पुस्तकात मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचा विचार केला. त्यांची तर्कशक्ती शाबूत होती, तरी आयुष्यातले निर्णय सतत चुकत होते. दमासिओंचे अनुमान असे की शरीराकडून येणाऱ्या सूचनांचा निर्णयाशी असलेला धागा तुटला होता. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने पत्त्यांच्या खेळावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. धोक्याच्या गड्डीकडे हात जाताना निरोगी खेळाडूंच्या त्वचेवर घामाची सूक्ष्म प्रतिक्रिया उमटे, आणि तीही त्या गड्डीत काय खोट आहे हे त्यांना सांगता येण्याआधी. पुढे २००४ मध्ये माया आणि मॅक्लेलँड या संशोधकांनी दाखवले की आधी वाटले होते त्यापेक्षा बरेच लवकर खेळाडूंना बरेच कळलेले असते. म्हणजे शरीर शहाणे आणि मन अडाणी असा निष्कर्ष या प्रयोगातून काढता येत नाही. त्यातून आणि एकूण भावनाविचारातून जे टिकून राहते ते इतकेच: आपण निवड करतो त्या क्षणी शरीर आधीच त्या निवडीत गुंतलेले असते. माझ्या युक्तिवादाला तेवढे पुरेसे आहे. ज्या प्रक्रियेत शरीर सामील आहे ती शरीराकडे पाठ फिरवून समजणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो प्रत्यक्ष मोजमापातून आला आहे. शरीराकडे वर्षानुवर्षे लक्ष देणाऱ्याला शरीर अधिक अचूक कळत असेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. २००८ मध्ये साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी अनुभवी साधकांची, कुंडलिनी आणि तिबेटी बौद्ध अशा दोन्ही परंपरांतल्या, स्वतःच्या हृदयाचे ठोके ओळखण्याची परीक्षा घेतली. ध्यान न करणाऱ्यांपेक्षा ते सरस ठरले नाहीत. इतकेच नव्हे, अचूक किंवा जास्त लक्ष हे नेहमी हिताचे असते असेही नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार अचानक भीतीचे झटके येणारा माणूस छातीतल्या धडधडीवर पाळत ठेवतो, तिचा अर्थ ‘आता हृदय बंद पडणार’ असा लावतो, त्या अर्थाने धडधड वाढते आणि वाढलेल्या धडधडीने भीती वाढते. शरीराकडे लक्ष देणे एवढेच जर वाढीचे साधन असते तर या माणसाची वाढ सर्वांत आधी व्हायला हवी होती. या दोन्ही गोष्टी मान्य केल्यानेच मूळ मुद्दा स्पष्ट होतो. साधनेत कमवायचे असते ते संवेदनेशी असलेले नाते. घाबरलेला माणूस संवेदनेकडे पाहतो आणि त्याच क्षणी तिच्यापासून पळतो. त्याचे पाहणे म्हणजे तृष्णेचेच एक रूप आहे, ‘हे नको’ असे म्हणणारे. परंपरेने सजगतेला उपेक्षेची जोड दिली ती यासाठी. इथे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, सुख आणि दुःख दोन्हींपुढे तोल न ढळणे. पाहणे आहे पण तोल नाही, तिथे चिंता वाढते. तोल आहे पण पाहणे नाही, तिथे नुसती बधिरता असते. हृदयाचे ठोके अचूक मोजता येणे हे या दोहोंपैकी काहीच नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच परंपरेतला आहे आणि मराठी मनात तो खोल रुजलेला आहे. देह नाशवंत, देहबुद्धी हेच बंधन, भजनात रंगून देहभान हरपावे हीच धन्यता. मग देहाकडे लक्ष देणे ही उलट दिशा नाही का? समर्थ रामदासांच्या दासबोधात पहिल्या दशकाचा शेवट नरदेहाच्या स्तवनाने होतो आणि तिसरा दशक जन्मदुःखाच्या निरूपणाने सुरू होतो, जिथे गर्भवासाचे आणि देहाचे किळसवाणे वर्णन आहे. एकाच ग्रंथात दोन्ही आहे आणि त्यात विसंगती नाही. देह हे परमार्थाचे साधन म्हणून स्तुत्य आहे. ‘मी म्हणजे हा देह’ ही समजूत त्याज्य आहे. गीतेचा तेरावा अध्याय याहून पुढे जातो. तिथे शरीराला क्षेत्र म्हटले आहे आणि त्या क्षेत्रात इच्छा, द्वेष, सुख आणि दुःख यांचाही समावेश केला आहे. क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ, म्हणजे त्या क्षेत्राला जाणणारा, या दोहोंचे ज्ञान तेच खरे ज्ञान, असे तिथे सांगितले आहे. ज्ञानदेवांनी या अध्यायावर अकराशेहून अधिक ओव्या लिहिल्या. ज्या सुखदुःखांना आपण ‘मी’ म्हणून धरून असतो ती जाणण्याचा विषय होऊ शकतात, म्हणजे जाणणारा त्यांच्याशी एकरूप असणे अटळ नाही, हा या विवेचनाचा गाभा आहे. शरीरातल्या संवेदनेकडे शांतपणे पाहणारा माणूस नेमके हेच करत असतो. देहबुद्धी सुटते ती देहाकडे पाठ फिरवून नाही. पाठ फिरवलेल्या माणसाला त्याचा देह मागून ढकलत राहतो आणि ते ढकलणे त्याला स्वतःची इच्छा वाटते. जाणणाऱ्याचे स्वरूप काय, आत्मा आहे की नाही, यावर वेदान्त आणि बौद्ध विचार यांचे मतभेद खरे आहेत आणि ते मिटवण्याचा आव आणू नये. पण पहिल्या पावलाबद्दल दोघांचे एकमत आहे. भजनातल्या तल्लीनतेबद्दलही हेच म्हणता येईल: टाळ, पाऊल, श्वास आणि स्वर एका लयीत आल्यावर जे हरपते ते ‘मी कसा दिसतो, लोक काय म्हणतील’ हे भान असते. शरीर तर तिथे पूर्णपणे जागे असते.

कोणी म्हणेल की आजच्या काळात शरीराचे कौतुक कमी आहे का? व्यायामशाळा भरलेल्या आहेत, मनगटावरचे घड्याळ पावले मोजते, झोप मोजते, ठोके मोजते. पण हे सगळे बाहेरून पाहिलेले शरीर आहे. आरशातले, छायाचित्रातले आणि आकड्यातले शरीर हे दुसऱ्याच्या नजरेने पाहिलेले शरीर असते, मग पाहणारे आपण स्वतः का असेना. फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती याने १९४५ मध्ये ज्या जगलेल्या शरीराचा विचार मांडला ते याहून वेगळे आहे: ज्याच्यामधून आपण जग अनुभवतो ते. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टॉमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये मांडले की स्त्रियांना लहानपणापासून स्वतःच्या शरीराकडे प्रेक्षकाच्या नजरेने पाहायला शिकवले जाते, आणि ही पाळत वाढली की लाज आणि चिंता वाढतात व आतल्या संवेदनांची जाणीव मात्र कमी होते असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे शरीराचा सतत विचार करणारा समाज शरीराबद्दल जागरूक असतोच असे नाही. पुण्यात आयुष्यभर योग शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार आसनात त्वचा, स्नायू आणि श्वास यांच्या जाणिवेवर जो भर देत, त्याचे मोल इथे कळते. आसन बाहेरून सुबक दिसणे आणि आतून जाणलेले असणे यांत साधनेच्या दृष्टीने दुसऱ्यालाच किंमत आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप सामाजिक आहे, आणि तो महाराष्ट्रात उभा राहिला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षूबद्दल प्रश्न विचारला आहे: बुद्धांना भिक्षू घडवायचा होता तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की समाजाचा सेवक म्हणून? भिक्षू केवळ परिपूर्ण माणूस असेल तर तो धम्माच्या प्रसाराच्या उपयोगाचा नाही, हा त्यांचा रोख आहे. डोळे मिटून बसायला ज्याला दहा दिवस मिळतात त्याची सोय आणि उन्हात विटा उचलणारीचे दुःख यांच्यातले अंतर कोणत्याही ध्यानाने आपोआप भरत नाही. हे मान्यच केले पाहिजे. मजुरी, पाणी, शिक्षण आणि कायदा यांचे प्रश्न संवेदना पाहून सुटत नाहीत, आणि अन्याय सोसणाऱ्याला ‘आधी तुझा तोल सांभाळ’ असे सांगणे हा दुसरा अन्याय आहे. पण अन्याय करणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर शरीर पुन्हा समोर येते. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या कलमाने नष्ट केली. तिचे आचरण हा गुन्हा आहे. तरी ज्याच्या अंगी ती लहानपणी बाणवली गेली त्याच्या शरीरात ती किळस होऊन राहते: पेला वेगळा ठेवणारा हात, किंचित मागे सरणारे अंग, आखडणारा चेहरा. असा माणूस विचाराने समतावादी असू शकतो आणि ते तो प्रामाणिकपणे सांगतही असतो. अंग मागे सरते हे त्याला दिसतच नसेल तर तो स्वतःला निर्दोष समजत राहणार. ती किळस उमटताना पाहणे, तिला निसर्गनियम न मानता शिकवलेली सवय म्हणून ओळखणे, आणि तिची आज्ञा न पाळणे हे काम त्याला करावेच लागेल. कायद्याने त्यासाठी थांबू नये; पण कायदा झाला म्हणून ते काम संपले असेही होत नाही.

याच कारणाने देहाची जाणीव एकटी पुरेशी ठरत नाही. स्थिर श्वास आणि शांत हात नेम धरणाऱ्यालाही उपयोगी पडतात. बौद्ध अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृतीच्या आधी सम्यक वाचा, सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका येतात, आणि विपश्यनेच्या शिबिराचा आरंभ पंचशीलाने होतो. पतंजलींनीही आसनाच्या आधी यम आणि नियम ठेवले आहेत. शील म्हणजे कोणत्या दिशेने वाढायचे याचे उत्तर. देहाची सजगता म्हणजे त्या दिशेने प्रत्यक्ष पाऊल टाकण्याची क्षमता. किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना एप्रिल १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांचे विपश्यना शिबिर झाले. त्याने तुरुंगाचे सगळे प्रश्न सुटले असा दावा कोणी करू नये. पण क्षणाच्या आवेगात गुन्हा केलेल्या माणसाला आवेग येताना पाहण्याचे शिक्षण मिळावे यात किती अर्थ आहे हे त्यामुळे अनेकांच्या लक्षात आले.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ज्यांच्या शरीरावर हिंसा झाली आहे त्यांना शरीराकडे वळवलेले लक्ष आधाराऐवजी दहशत देऊ शकते. जेरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भीती, निद्रानाश आणि वास्तवाशी नाते सुटल्यासारखे वाटणे असे त्रासदायक अनुभव नोंदवले आहेत. अशा माणसांसाठी जाणकाराचा आधार, कमी वेळ आणि गरज पडल्यास वैद्यकीय उपचार हाच योग्य मार्ग आहे. जी साधना सर्वांना, सर्व स्थितींत, सारखीच दिली जाते ती साधना राहत नाही, तिचा नुसता साचा होतो.

एवढे सगळे आक्षेप ऐकून घेतल्यावर जे उरते ते लहान आहे, पण पक्के आहे. माणूस आपल्या संवेदना निवडू शकत नाही. त्यांच्यातून काय करायचे हे तो निवडू शकतो, आणि ही निवड संवेदना जाणवली तरच शक्य होते. ज्याला राग चढताना जबडा आवळल्याचे कळते त्याला उत्तर देण्याआधी एक श्वास घेण्याची संधी मिळते; ज्याला ते कळत नाही त्याच्या वतीने त्याची सवयच उत्तर देते. त्यामुळे ज्यांना स्वतःला घडवायचे आहे त्यांनी ग्रंथ वाचावेत, विचार करावा, समाजासाठी झटावे. पण रोज थोडा वेळ स्वतःच्या श्वासाला आणि अंगावर उमटणाऱ्या सुखदुःखाला, ते बदलण्याची घाई न करता, पाहण्यासाठी जरूर राखून ठेवावा. यासाठी दीक्षा लागत नाही, पैसा लागत नाही, कोणत्या पंथाचे असावे लागत नाही. नियमितपणा लागतो, आणि तो मात्र ज्याचा त्यानेच आणायचा असतो.